चाकणच्या गाडीचा सहावा प्लग

पिंपरी

चिपळूणहून घाट चढून पुण्याकडे कसं यायचं, कुठे गाडी बदलायची, कुठल्या स्टेशनावरचा चहा पिऊ नये, हे सगळं मी सांगत बसणार नाही. ज्याला जायचंय त्याला ते कळेलच, आणि ज्याला जायचं नाही त्याला त्याचं काय करायचंय? माझा खरा प्रवास सुरू झाला तो पिंपरीच्या स्टेशनाबाहेर, आणि तोही डोळ्यांनी नव्हे, कानांनी. किसनची लॉरी मला दिसायच्या आधी ऐकू आली.

सहा सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज कसा एकसारखा, गोल यायला पाहिजे. ही गाडी लंगडत येत होती. पाच ठोके नीट आणि सहाव्याच्या जागी भोक. मागे निळ्या धुराचं शेपूट. मी माझी ट्रंक खाली ठेवली आणि मनात म्हटलं, आली बाई पेशंट.

किसन आणि मी दुसऱ्या महायुद्धात फौजेबरोबर इराकात एकाच वर्कशॉपात होतो. तो ड्रायव्हर, मी मिस्त्री. लढाई संपल्यावर मी चिपळूणच्या मोटारस्टँडावर हातोडी-पान्हा घेऊन बसलो आणि तो चाकणच्या अलीकडे आपल्या गावी गेला. तिथे त्याने बैलजोडी विकली आणि देहूरोडच्या लष्करी डेपोतून लिलावात निघालेली एक जुनी लॉरी घेतली. एवढं मला ठाऊक होतं. मग आमच्या स्टँडावर आलेल्या एका घाटावरच्या ड्रायव्हरकडून निरोप आला: मिस्त्रीला म्हणावं, गाडी मरतीय, ये.

निरोपाची भाषा ऐकून मी दुसऱ्याच दिवशी निघालो. आता कुणी म्हणेल, एवढ्यासाठी चिपळूणहून? पुण्यात मिस्त्री नाहीत? आहेत की. पुण्याच्या एका गॅरेजवाल्याने गाडी बघून सांगितलं होतं की पिस्टनच्या रिंगा गेल्या, सगळं इंजिन उतरवावं लागेल. पण मी जोवर कानाने ऐकत नाही तोवर कुणाच्या रिंगा जात नाहीत, अशी माझी आपली समजूत आहे. आणि ती आजवर क्वचितच खोटी ठरली आहे.

किसन उतरला आणि मला कडकडून भेटला. मिशा पिकल्या होत्या, बाकी तोच. गाडीत बसल्यावर त्याने सगळी हकीकत सांगितली. पिंपरीच्या माळावर औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता, आणि त्याच्या आजूबाजूला आणखी बांधकामं निघत होती. त्यासाठी मोशीच्या खाणीतून दगड वाहायचा ठेका एका सिंधी शेठकडे होता. किसनची गाडी खाणीच्या चढावर भरल्या ओझ्यानिशी बंद पडली, एकदा नव्हे, दोनदा. मागच्या सगळ्या गाड्या अडकून पडल्या. शेठ भला माणूस म्हणून त्याने शेवटची एक संधी दिली होती. संक्रांतीला भरली गाडी न थांबता चढ चढली, तर पावसाळ्यापर्यंत काम. नाहीतर राम राम.

"आन् न्हाई चढली तर?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"तर गाडी इकतो आन् बायकोला घिऊन ममईला गोदीत जातो," किसन म्हणाला. "आबा एकलं ऱ्हातील घरात. बैलं गेली, गाडी गेली, मग मी ऱ्हाऊन काय करू?"

भोसरी मागे पडली, इंद्रायणी ओलांडली, उजव्या हाताला कांद्याची हिरवी शेतं लागली, आणि सहावा ठोका प्रत्येक खड्ड्यागणिक मला हाका मारत होता. संक्रांत तोंडावर आली होती.

किसनची वस्ती

आमच्या कोकणातली घरं झाडांत लपलेली असतात. कुणाचं घर शोधायचं तर आधी त्याचा माड शोधावा लागतो. इथे सगळं उघडं. माळावर घर, घरापुढे अंगण, अंगणातून चाकणच्या किल्ल्याची ढासळलेली तटबंदी दिसते आणि तिच्यामागे आभाळ. थंडी तर अशी की पहिल्या रात्री मी माझ्या घोंगडीवर किसनची घोंगडी घेतली आणि तरीही दात वाजले. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे जरा गार वाटतं, एवढंच.

जेवणाचं मात्र नाव काढू नका. किसनच्या बायकोने, म्हणजे पारूवहिनींनी, बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर लोण्याचा गोळा असं ताट पुढे ठेवलं. भाताचं शीत नाही, माशाचा वास नाही. मी म्हटलं, वहिनी, भात कधी वाढणार? त्या म्हणाल्या, भावजी, सणाला. मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. तरी खरं सांगतो, तिसऱ्या भाकरीनंतर मला भाताची आठवण झाली नाही, आणि ही गोष्ट मी चिपळुणात कुणाला सांगितलेली नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे आबा, किसनचे वडील. उंच, वाळलेले, पांढरं मुंडासं. जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. चाकणच्या बाजारातून कांदा-बटाटा भरून पुण्याला नेणं आणि रिकामी गाडी परत आणणं, यातच त्यांचं आयुष्य गेलं. बैल विकले तेव्हापासून आबा कमी बोलतात, असं किसनने मला वाटेतच सांगितलं होतं. गाडीकडे तर बघतही नाहीत. शेजारपाजारचे म्हणत होते की पवळ्या आणि खंड्या या बैलांचा तळतळाट त्या लॉरीला लागलाय. किसन त्यावर हसायचा, पण पूर्वीसारखं मोकळं नाही.

गाडी अंगणात उभी होती, नाक घराकडे करून. अंगणाला चांगला चढ, त्यामुळे नाक वर आणि बूड खाली. मी म्हटलं, अरे, ही उलटी का लावतोस? सकाळी मागे घेत बसावं लागतं. किसन म्हणाला, बैलांची जागा हीच होती. बैल घराकडे तोंड करून बांधायचे, पाठ दाखवून बांधलेली जनावरं धन्याला सोडून जातात, असं आबा म्हणतात. आबांनी तेवढा एक आग्रह धरला होता, म्हणून किसनने ऐकलं.

बरं. तर आता कामाचं.

दुसऱ्या दिवशी मी बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून लाकडी मुठीचा पेचकस एकेका प्लगला टेकवला, म्हणजे त्या प्लगची वीज बाहेरच्या बाहेर उतरते आणि ठिणगी पडत नाही. चांगल्या सिलिंडरचा प्लग असा मारला की गाडी आणखी लंगडते. पहिला मारला, लंगडली. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, लंगडली. सहावा मारला, काही फरक नाही. मेलेल्याला पुन्हा काय मारणार? सहावा म्हणजे सगळ्यात मागचा, ड्रायव्हरच्या पायाजवळचा.

तो प्लग काढून हातात घेतला. आमच्या धंद्यात प्लगचं तोंड बघून इंजिनाची कुंडली सांगता येते. विटकरी रंग असेल तर तब्येत ठणठणीत. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. आणि हा होता काळा, ओला, चकचकीत, जसा चिखलातून काढलेला खेकडा. म्हणजे तेल. तेलाने भिजलेल्या प्लगवर ठिणगी उडत नाही, वीज तेल-काजळीतून सरळ इंजिनाच्या अंगात उतरते, आणि पेट्रोल न जळता तसंच बाहेर पडतं.

तेल खालून आलं तर रिंगांतून येतं. पुण्याच्या गॅरेजवाल्याचं तेच म्हणणं होतं. मी हँडल घेतलं आणि इंजिन हाताने फिरवलं. सहाही सिलिंडर सारखेच अडत होते, दाबून धरत होते. झिजलेल्या रिंगा असं धरत नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा त्या गॅरेजवाल्याचा प्रकार होता. मी किसनला सांगितलं, रिंगांना हात लावायचा नाही. प्लग पेट्रोलने धुतले, सहाव्याचा पहिल्याला आणि पहिल्याचा सहाव्याला बसवला. इंजिनातलं तेल बदललं, काठी घालून पाहिलं, बरोबर खुणेवर. किसनने एअर क्लीनरही धुतला. ही इंजिनावरची एक डबी असते. तिच्या तळाशी थोडं तेल ठेवायचं, म्हणजे आत जाणाऱ्या हवेतली धूळ त्या तेलात अडकते. इराकच्या वाळवंटात ही डबी आम्ही देवपूजेसारखी धुवायचो, आणि किसनने ती सवय सोडली नव्हती. दर शनिवारी झाकण काढायचं, धुवायचं, खुणेपर्यंत तेल घालायचं. आबा ओसरीवर बसून लांबून बघत होते.

गाडी चालू केली. गोल आवाज! चाकणच्या बाजारापर्यंत नेऊन आणली, एक ठोका चुकला नाही. किसनच्या डोळ्यांत पाणी आलं. मी वहिनींना सांगितलं, उद्या पुरणपोळी झाली पाहिजे. आणखी बरंच बोललो. पुण्याचे गॅरेजवाले, त्यांची अक्कल, माझा कान, असं सगळं. हुरड्याच्या शेकोटीपाशी शेजारचे लोक जमले होते आणि मी बोलायच्या भरात होतो. तिथला हुरडा म्हणजे कोवळी ज्वारी भाजून, हातावर चोळून खायची, बरोबर खोबऱ्या-लसणाची चटणी. असा पदार्थ आमच्या कोकणात नाही, आणि हे मान्य करायला मला काही कमीपणा वाटत नाही.

सकाळी गाडी चालू केली. पाच ठोके, एक भोक.

आता काय सांगू? काल रात्री ज्यांनी माझ्याबरोबर हुरडा खाल्ला होता ते सगळे आवाज ऐकून अंगणात आले. कुणी हसलं नाही, हीच मोठी नामुष्की. मी प्लग काढला. सहावाच, आणि तो चांगला धुऊन जागा बदललेला पहिला प्लग, पुन्हा ओलाचिंब. म्हणजे प्लगचा दोष नाही. दोष त्या जागेचा.

पुन्हा पिंपरी, आणि एक पापड

त्या दिवशी नवे प्लग घ्यायला आम्ही पिंपरीला गेलो. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांची वस्ती बसली आहे. लांबलचक बराकी, आणि प्रत्येक बराकीच्या दारात काही ना काही विकायला मांडलेलं. रडत बसलेला माणूस मला एकही दिसला नाही. आमच्याकडे वाडीतल्या एखाद्याचा गोठा पडला तर वर्षभर पुरेल एवढं बोलणं होतं.

शेठलाही भेटलो. त्यांच्याकडे गेल्या गेल्या पाण्याबरोबर भाजलेला पापड आला. मी किसनकडे पाहिलं, जेवायला बसवतायत की काय? किसनने हळूच सांगितलं, ही यांची रीत आहे, पाव्हण्याला नुसतं पाणी देत नाहीत. आम्ही गुळाचा खडा देतो, तसंच. मी पापड खाल्ला आणि शेठना सांगितलं की गाडी संक्रांतीला चढेल. शेठनी आपल्या कानाला बोट लावलं.

"मिस्त्री, मला कागज नको, बात नको," ते म्हणाले. "माझा कान आहे. चढावर गाडीचा आवाज अच्छा पाहिजे."

मला हा माणूस आवडला. कानाचा माणूस कानाच्या माणसाला ओळखतो.

परत येताना नवे प्लग बसवलेले होते, गाडी वाटेभर सुरेख चालली. देहूकडचा भंडाऱ्याचा डोंगर लांबून दिसत होता, थंड वारा, आणि इंजिन गुणगुणत होतं. संध्याकाळी शहाणी आणि सकाळी वेडी, अशी ही गाडी. म्हणजे जे काही होतं ते गाडी अंगणात उभी असताना होतं. चालताना नाही.

मग माझ्या डोक्यात आलं ते मी किसनला सांगितलं. आज गाडी उलटी लाव. नाक उताराकडे, बूड घराकडे. आबांना ते बिलकूल आवडलं नाही. त्यांनी काठी आपटली, पण पाव्हणा सांगतो म्हणून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी भोगी. सकाळी गाडी चालू केली, पुन्हा लंगडी. पण मी पेचकस टेकवत गेलो आणि उड्याच मारायच्या बाकी राहिल्या. आता मेला होता तो पहिला! सगळ्यात पुढचा. सहावा खणखणीत.

समजलं का? नाक वर असताना मागचा भिजतो, नाक खाली असताना पुढचा. म्हणजे तेल उताराने वाहत जातंय. रिंगांतून येणारं तेल असं घर बदलत नाही. हे तेल वरून, हवेच्या वाटेने आत शिरत होतं, आणि जी जागा सखल तिथे जमत होतं. मी किसनला ओरडून हे सांगितलं. मला वाटलं तो खूश होईल. तो लालबुंद झाला.

"म्हंजी कुनीतरी मुद्दाम वततंय," किसन म्हणाला. "भावकीतलंच कुनीतरी. घावू दे मला, हात तोडीन त्याचं."

ओसरीवर आबा बसलेले होते. त्यांनी ऐकलं, मान हलवली. त्यांनाही पटलं असावं की असल्या माणसाचे हात तोडायलाच हवेत.

चुलीपाशी

भोगीच्या दिवशी घाटावर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या शेंगभाज्यांची मिसळभाजी करतात. वहिनी चुलीपाशी होत्या. मी तो पहिला प्लग चिमट्यात धरून निखाऱ्यांवर नेला. तेल जाळून टाकायचा हा जुना उपाय आहे. प्लग तापला, तेल चुरचुरलं, आणि धूर निघाला.

मोटारीच्या तेलाचा धूर नाकाला झोंबतो. आयुष्यभर हुंगलाय मी तो. हा झोंबला नाही. ह्याला भज्यांचा वास होता.

मी नाक पुढे नेलं. वहिनींनी भाकरी थापायची थांबवून नाक पुढे केलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"भावजी, हे आपल्या घाण्याचं करडईचं तेल हाय," त्या म्हणाल्या.

आणि मग हळू आवाजात त्यांनी आणखी सांगितलं. दिवाळीपासून तेलाची बरणी लवकर रिती होत होती. कुणाला विचारायचं? घरात तिघंच. नवऱ्याला सांगावं तर तो संतापी. म्हणून त्या आपल्याच हाताला दोष देत भाजीत तेल कमी घालत होत्या.

मी बाहेर जाऊन एअर क्लीनरचं झाकण काढलं. इंजिन सकाळी थोडंच चाललं होतं, त्यामुळे डबीत अजून बरंच उरलं होतं. खुणेच्या कितीतरी वर, पिवळंधमक, स्वच्छ तेल. मग मला इराकातली एक गोष्ट आठवली आणि मी गोठ्यात गेलो. बैल जाऊन किती दिवस झाले होते, दावणीला कोळ्यांची जाळी. खुंटीला बांबूचा नळा टांगलेला. एका बाजूने तिरपा कापलेला. घाटावर ह्याने बैलांना तेल पाजतात. थंडीच्या दिवसांत, जड ओझ्याच्या आधी, बैलाची मान वर धरायची आणि नळा तोंडात घालून तेल ओतायचं, म्हणजे जनावराच्या अंगात ताकद येते, सांधे धरत नाहीत. हे मला किसनने इराकात असताना सांगितलेलं होतं, घरची आठवण काढत.

नळ्याला जाळं नव्हतं. नळा ओला होता.

आबा माझ्या मागोमाग गोठ्यात आले होते. मी काही विचारायच्या आधीच ते बोलायला लागले, आणि एवढं बोलताना मी त्यांना तोवर ऐकलं नव्हतं. दगडाचं काम म्हणजे कांद्याच्या पोत्यासारखं नव्हे, जनावर त्यात मोडतं. किसन दर शनिवारी गाडीच्या तोंडात तेल घालतो, ते त्यांनी पाहिलं होतं. पण आठवड्यातून एकदा? एवढ्या थंडीत? पोराला जनावरातलं कळत नाही. म्हणून दिवाळी झाली तसे ते रोज पहाटे उठून तिला पाजत होते. मग ती खोकायला लागली. म्हणून त्यांनी आणखी पाजलं.

मला हसू आलं. खोकते म्हणून जास्त, आणि जास्त म्हणून खोकते. त्या म्हाताऱ्याने किती पहाटे थंडीत काढल्या असतील!

मी आबांना गाडीपाशी नेलं. एक कोरडा प्लग तारेला जोडून इंजिनाच्या अंगावर टेकवला आणि हँडल मारलं. टक्, निळी ठिणगी. आबा वाकून बघायला लागले. मग त्याच प्लगवर बरणीतलं करडईचं तेल सोडलं आणि पुन्हा हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. काही नाही.

आबांनी त्या तेलकट प्लगवरून बोट फिरवलं.

"म्हंजी मीच मारीत हुतो तिला," ते म्हणाले.

मी म्हटलं, आबा, हे आपल्या दोघांत राहील. मी किसनला सांगतो, झाकण सैल होतं, उंदराने बरणी सांडली, काहीही सांगतो. थापा मारायला चिपळूणकराला शिकवावं लागत नाही. आबांनी ऐकून घेतलं. मग नळा उचलला आणि अंगणात गेले.

किसन गाडीची काच पुसत होता. आबा त्याच्यासमोर उभे राहिले, नळा गाडीच्या पायरीवर ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले.

"तोडनार हुतास न्हवं? हे घे. ह्याच हातांनी पाजलंय."

किसनला आधी कळलंच नाही. त्याने नळ्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तो तिथेच पायरीवर, नळ्याशेजारी बसला. आता हा ओरडणार, असं मला वाटलं, आणि मी मध्ये पडायच्या तयारीने पुढे सरकलो.

"आबा," तो म्हणाला, "मला वाटलं बैलं इकल्यापासनं तुमी हिच्याकडं बगत बी न्हाई."

"बगत न्हवतो तर हिचं तोंड कसं घावलं मला?" आबा म्हणाले.

किसनने त्यांचे दोन्ही हात धरले आणि त्यावर कपाळ टेकलं. वहिनी दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला. मी गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन टायर बघायला लागलो. टायरला काहीही झालेलं नव्हतं.

संक्रांत, मोशीची खाण

संक्रांतीला नवं काम धरावं की नाही, यावर सकाळी शेजारणींत थोडी चर्चा झाली. आबांनी ती मोडीत काढली. किंक्रांतीला धरू नये, संक्रांतीला चालतं, असा त्यांचा निवाडा. आमच्याकडे चालत नाही. पण मी पाव्हणा होतो, आणि आबांना निवाडा देताना बघून बरं वाटत होतं.

मी रात्रीच सगळं धुऊन ठेवलं होतं. डबी, हवेची वाट, सहाही प्लग. सकाळी आबांना बोलावून डबीतली खूण दाखवली आणि मोटारीचं तेल त्यांच्या हातात दिलं. खूण आली की थांबायचं. आबा थांबले. एक थेंब वर नाही. आयुष्यभर बैलांच्या तोंडाशी ज्याचा हात थरथरला नाही, त्याला खूण पाळायला काय अवघड?

खाणीत दगड भरला तेव्हा गाडीच्या चाकांवरची पोलादी कमान ओझ्याने सपाट झाली. चढ मी आधी पाहिला नव्हता. खरं सांगतो, पाहिल्यावर शेठना दिलेला शब्द आठवला. खडीवर चाकं सरकतात, वळण अर्ध्यावर, आणि वळणावरच किसन दोनदा बंद पडला होता. वर शेठ छत्री टेकून उभे, त्यांच्यामागे दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर, तमाशा बघायला.

किसनने गिअर टाकला. मध्ये आबा बसले होते, बाहेरच्या बाजूला मी, कान दरवाजाबाहेर. सहा ठोके, सहा ठोके. वळण आलं. इंजिनाचा आवाज जड झाला, खोल गेला, पण तुटला नाही. आबा ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते, ते मला ऐकू आलं नाही. ते बैलांशी बोलत असत तसंच काही असावं. किसनच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. मग चढ संपला आणि गाडी सपाटीवर येऊन उभी राहिली, इंजिन चालूच, गोल, गोल, गोल.

शेठ जवळ आले, मान तिरपी करून त्यांनी ऐकलं. बरंच ऐकलं.

"कल से रोज या," ते म्हणाले.

आबा उतरले, गाडीच्या पुढे गेले आणि खांद्यावरच्या उपरण्याने तिचं धुळीने भरलेलं बॉनेट पुसायला लागले. मधोमध, जिथे बैलाचं कपाळ असतं तिथे. किसन गाडीतच बसून होता, आणि त्याला खाली उतरायची घाई नव्हती.

परतीची वाट

मला पिंपरीच्या स्टेशनावर सोडायला दोघेही आले, लॉरी घेऊन. वाटेत मी डोळे मिटून आवाज ऐकत होतो. माझ्या धंद्यात यापेक्षा मोठा सत्कार नाही.

वहिनींनी तिळगूळ बांधून दिला होता, आणि वर भाकऱ्या. आगगाडीची घंटा झाली तेव्हा आबांनी कमरेजवळून एक बाटली काढली आणि माझ्या हातात ठेवली. पिवळंधमक तेल, वर कापडाचा बोळा.

"गाडीला चालत न्हाई म्हनता, तर तुमी घ्या," ते म्हणाले. "तुमाला परत घाटातनं जायाचं हाय. थंडीचं दिस हायेत."

मी तोंडभर हसलो. आबा हसले नाहीत. ते वाट बघत उभे राहिले. मग मी बोळा काढला, मान वर केली आणि त्यांच्यादेखत एक मोठा घोट घेतला.